टर्बो, रीमॅप आणि इंजिनाची वही

जुन्या स्विफ्ट डिझेलचा मालक गॅरेजमध्ये एक प्रश्न हमखास विचारतो. माझ्या गाडीत १२४८ सीसीचे इंजिन आहे, एसएक्स-फोर डिझेलमध्येही तेच १२४८ सीसीचे. मग तिची ताकद ९० अश्वशक्ती आणि माझी ७५ का? आणि तिच्या संगणकातली फाइल माझ्या गाडीत भरली, तर मलाही ९० मिळतील ना?

प्रश्न भाबडा वाटतो, पण तसा नाही. हे इंजिन फियाटचे. पुण्याजवळ रांजणगावात ते तयार होत असे आणि मारुतीसाठी हरियाणातही बनत असे. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत ते बसले. गाड्यांवर लिहिणाऱ्यांनी त्याला थट्टेने 'राष्ट्रीय डिझेल इंजिन' म्हटले ते उगीच नव्हे. एवढ्या घरांत पोचलेल्या इंजिनाबद्दल लोकांनी असा प्रश्न विचारणे साहजिक आहे. उत्तर मात्र 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात संपत नाही. त्यासाठी इंजिनात येणारी हवा आणि तिचा हिशेब ठेवणारी वही, या दोघांच्या नात्याचा इतिहास पाहावा लागतो. हा इतिहास शंभर वर्षांहून थोडा अधिक जुना आहे.

आल्फ्रेड ब्युशी हा स्वित्झर्लंडचा अभियंता. इंजिनाच्या धुराड्यातून जाणारा गरम वायू ऊर्जा वाया घालवतो, त्या वायूवर एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरावी, अशी त्याची कल्पना होती. त्याने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. ती व्यापारी कामात उतरायला वीस वर्षे गेली. १९२०च्या दशकाच्या मध्यात दोन जर्मन प्रवासी जहाजांची डिझेल इंजिने टर्बो लावून बांधली गेली आणि प्रत्येक इंजिनाची ताकद १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. इंजिन तेवढेच, हवा जास्त.

त्याआधी विमानांचा प्रश्न होता. उंचावर हवा विरळ, त्यामुळे इंजिन गुदमरते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या सॅनफर्ड मॉस याने १९१८ मध्ये लिबर्टी हे विमानाचे इंजिन चक्क ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फूट उंच शिखरावर नेले. खाली साधारण ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन वर २३० वर आले होते. टर्बो लावल्यावर पुन्हा साडेतीनशेच्या किंचित वर गेले. मॉसचा टर्बो जादा ताकद देत नव्हता, हरवलेली परत आणत होता. इंजिनाला जेवढ्या हवेची सवय होती तेवढीच हवा पुन्हा मिळत होती, म्हणून बाकी काही बदलावे लागले नाही. गोची सुरू होते ती इंजिनाला सवयीपेक्षा जास्त हवा दिली की.

म्हणजे काय होते? पेट्रोल इंजिनात साधारण १४.७ किलो हवेला एक किलो पेट्रोल हे जळण्याचे पूर्ण प्रमाण. टर्बो जोरात असताना मात्र पेट्रोल मुद्दाम जास्त सोडतात, साडेअकरा-बाराला एक, कारण जादा पेट्रोल सिलिंडर थंड ठेवते. हवा दाबली की तापते. तापलेले, दाबलेले मिश्रण ठिणगीची ज्योत पोचायची वाट न पाहता कोपऱ्यात स्वतःहून पेट घेते. त्याला आपले मिस्त्री 'नॉकिंग' म्हणतात. ठोका ऐकू येतो, आणि तो फार वेळ ऐकू येत राहिला तर पिस्टनला भोक पडते. ते टाळायचे तर ठिणगी थोडी उशिरा द्यायची. म्हणजे तीन गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत: हवा किती, इंधन किती, ठिणगी केव्हा. टर्बोचा सगळा इतिहास ही तीन माणसे एका घरात नांदवण्याचा आहे.

अमेरिकेत १९६२ मध्ये एकाच कंपनीच्या दोन शाखांनी हे दोन अगदी वेगळ्या रीतीने करून पाहिले. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडरमध्ये इंजिनाचे कॉम्प्रेशन कमी करून आठवर आणले आणि टर्बोचा दाब आटोक्यात ठेवायला वेगळी झडपही बसवली नाही. लहान कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरच्या नळीतला अडथळा, एवढ्यावरच दाब आपोआप अडत असे. आता विचार करा, एखाद्या हौशी मालकाने जास्त आवाजासाठी सायलेन्सर मोकळा केला तर? अडथळा गेला, म्हणजे दाबावरचा लगामही गेला. गाडीत संगणक नाही, सॉफ्टवेअर नाही, तरीही आजचा प्रश्न तिथे जसाच्या तसा आहे. सायलेन्सर हा त्या इंजिनाच्या हिशेबाचा भाग होता, फक्त तो कुठे लिहिलेला नव्हता.

ओल्ड्समोबिलच्या जेटफायरने उलटा मार्ग धरला. कॉम्प्रेशन १०.२५ एवढे उंच ठेवले, वर टर्बोचा दाब दिला, आणि नॉकिंग टाळायला डिस्टिल्ड वॉटर व मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारले. त्याला नाव दिले 'टर्बो-रॉकेट फ्लुइड'. २१५ घनइंचाच्या इंजिनातून २१५ अश्वशक्ती, त्या काळात मोठी गोष्ट होती. टाकीतले पाणी संपले तर दाब कमी करणारी झडपही होती. हिशेब कागदावर चोख होता. पण मालक ती टाकी भरेनात. गाडी मंद झाली की गाडीलाच दोष देत. दोन वर्षांत साडेनऊ हजारांच्या आसपास गाड्या बनल्या आणि १९६५ मध्ये टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय कंपनीलाच करावी लागली. माझ्या मते जेटफायर हा टर्बोच्या इतिहासातला सर्वांत शिकवणारा पराभव आहे. अभियंत्यांनी हवा, इंधन आणि ठिणगी जुळवली, पण चौथा भागीदार, गाडी चालवणारा माणूस, त्यांच्या हिशेबात नव्हता.

पुढची दहा-पंधरा वर्षे युरोपात गेली. १९७३ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो तेलसंकटात सापडली आणि लवकरच बंद झाली. पोर्शे ९११ टर्बोने नाव कमावले, पण तिचा टर्बो उशिरा जागा होई आणि झाला की एकदम अंगावर येई. रोजच्या वापराची टर्बो गाडी केली ती स्वीडनच्या साबने. तिथला अभियंता पेर गिलब्रांड, ज्याला लोक 'टर्बो पेर' म्हणत, त्याने लहान टर्बो निवडला. लहान चक्र लवकर फिरते, त्यामुळे कमी वेगातही जोर मिळतो. जास्त झालेला दाब सोडून द्यायला झडप ठेवली. साब ९९ टर्बो १९७७ मध्ये फ्रँकफर्टला दाखवली गेली, १४५ अश्वशक्तीची.

पण साबचे खरे काम त्यानंतरचे. तोवर टर्बोचा दाब हा कारखान्यात ठरवलेला आकडा असे. पंपावर मिळणारे सर्वांत वाईट पेट्रोल, सर्वांत तापलेला दिवस, सर्वांत अवघड चढ, या सगळ्यांत इंजिन वाचेल इतका कमी तो ठेवावा लागे. म्हणजे बाकीच्या सगळ्या दिवशी इंजिन विनाकारण सुस्त. साबने इंजिनाच्या लोखंडावरच एक कान बसवला, ठोक्याचा कंप ओळखणारा सेन्सर. ठोका ऐकू आला की विजेची छोटी झडप टर्बोचा दाब कमी करी, ठोका थांबला की दाब पुन्हा वाढे. या यंत्रणेला एपीसी म्हणत आणि ती १९८२च्या साब ९०० टर्बोत आली. चांगले पेट्रोल भरा, गाडी जास्त ताकद देते. हलके भरा, गाडी स्वतःच सांभाळून घेते.

इथे मला आपल्या गॅरेजमधल्या कारागिरीची आठवण होते. जुना मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आवाज ऐकतो. उस्ताद हे ऐकणे शागिर्दाला वर्षानुवर्षे शिकवतो. आपल्या कितीतरी मोहल्ल्यांत असे एक तरी घर असते. एपीसीने तो कान लोखंडात बसवला, आणि फार छान बसवला. मात्र तेव्हाही एक पळवाट राहिली होती. एपीसीच्या डब्यात जुळवणीचे छोटे स्क्रू होते, आणि हौशी लोकांनी ते फिरवायला वेळ लावला नाही. दाब वाढला, पण के-जेट्रॉनिक ही पेट्रोल सोडणारी यंत्रणा वेगळी होती, पूर्ण यांत्रिक. तिला या स्क्रूंची वार्ताही नव्हती. दाबाचा हिशेब एका डब्यात, इंधनाचा दुसऱ्या. जादा हवेला पुरेसे पेट्रोल आले नाही की कान एकटा किती वाचवणार?

हे दोन हिशेब एका वहीत आणण्याचे काम बॉशच्या मोट्रॉनिकने केले. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आयमध्ये पेट्रोल किती सोडायचे आणि ठिणगी केव्हा द्यायची, हे दोन्ही प्रथमच एका संगणकात गेले. त्या संगणकाच्या स्मृतीत कोष्टके असत. पाढ्यांचा तक्ता डोळ्यांपुढे आणा. आडव्या ओळीत इंजिनाचे फेरे, उभ्या ओळीत भार, म्हणजे सिलिंडरमध्ये किती हवा आली ते, आणि जिथे दोन्ही भेटतात त्या घरात एक आकडा. त्या घरातला आकडा वाचून संगणक ठिणगी देतो. आज सगळे ज्याला 'मॅप' म्हणतात ती वही हीच. कोऱ्या वहीला काही किंमत नाही. तिच्यातला प्रत्येक आकडा एका विशिष्ट इंजिनावर, विशिष्ट टर्बो, विशिष्ट नळ्या आणि विशिष्ट नोझल लावून, प्रयोगशाळेत महिनोन्महिने मोजून भरलेला असतो.

शर्यतींत या वहीची किंमत सर्वांत आधी कळली. १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोनला रेनोने दीड लिटरची टर्बो गाडी फॉर्म्युला वनमध्ये उतरवली, तेव्हा ती इतक्यांदा धूर सोडत बंद पडे की तिला 'पिवळी किटली' म्हणून हिणवले गेले. दोन वर्षांनी दिजाँला तीच मंडळी जिंकली. १९८२ मध्ये नेल्सन पिके बीएमडब्ल्यूच्या टर्बो इंजिनासह डेट्रॉइटच्या शर्यतीसाठी पात्रही ठरला नाही आणि पुढच्याच आठवड्यात माँट्रिअलला पहिला आला. १९८३ मध्ये याच इंजिनावर तो जगज्जेता झाला, टर्बो गाडीवर जगज्जेता झालेला पहिला चालक. त्या चार सिलिंडरच्या इंजिनाचे लोखंड मूळ साध्या रस्त्यावरच्या गाडीचे होते. फरक टर्बोत होता, बॉशच्या संगणकात होता आणि पेट्रोलमध्ये होता. पेट्रोलसुद्धा या हिशेबाचा भाग झाले. १९८८च्या होंडा इंजिनासाठीच्या इंधनात ८४ टक्के टोल्युइन होते. त्यावर भरलेला मॅप पंपावरच्या पेट्रोलवर चालवला असता तर इंजिन फार काळ टिकले नसते.

शर्यतीतून ही हौस रस्त्यावर यायला वेळ लागला नाही. ऐंशीच्या दशकातल्या गाड्यांच्या संगणकात एक चिप असे, वर काचेची छोटी खिडकी असलेली. अतिनील प्रकाशाखाली ठेवली की ती कोरी होई, मग नवे आकडे भरून पुन्हा बसवायची. 'चिप ट्यूनिंग' हा शब्द तिथला. पुढे नव्वदच्या दशकात आणि नंतर संगणक गाडीतून न काढता, स्टीअरिंगखालच्या जोडणीतूनच वही नव्याने लिहिता येऊ लागली. मित्सुबिशी इव्होल्यूशन आणि सुबारू इम्प्रेझा या जपानी टर्बो गाड्यांच्या चाहत्यांनी त्या वह्यांतली कोणती पाने कशाची, हे घर बसल्या शोधून काढले. त्यात फार मोठा अभ्यास झाला. पण त्यांतल्याच अनेकांची इंजिने फुटली, आणि कशामुळे फुटली हे पाहिल्याशिवाय स्विफ्टवाल्याच्या प्रश्नाचे उत्तर नीट कळणार नाही.

एक उदाहरण सावकाश पाहू. या गाड्यांत हवा मोजायला नळीत एक सेन्सर असतो. तो सगळी हवा मोजत नाही. आपल्या जागी वाहणारी हवा किती वेगाने जाते ते पाहतो आणि नळीचा व्यास ठाऊक असल्यामुळे एकूण हवा किती, याचा अंदाज वहीतून काढतो. आता समजा मूळ नळी ७० मिलिमीटरची होती आणि हौसेने ८० मिलिमीटरची बसवली. व्यास थोडाच वाढला, पण नळीचे तोंड सुमारे तीस टक्क्यांनी मोठे झाले. तेवढीच हवा आता हळू वाहते. सेन्सर म्हणतो, शंभर आली. आली असते एकशेतीस. संगणक शंभरापुरते पेट्रोल सोडतो. पूर्ण जोरात साडेअकराला एक या प्रमाणाची आज्ञा असेल, तर प्रत्यक्षात पंधराला एक होते. टर्बो पूर्ण दाबात असताना इतके कोरडे मिश्रण म्हणजे पिस्टनवर निखारा ठेवणे.

आणि फसवणूक अशी की गाडी शहरात सुरळीत चालते. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर शांत वेगात पेट्रोलची उणीव ओळखतो आणि संगणक ती बरीचशी भरून काढतो. पण पॅडल पूर्ण दाबले की त्या काळचे बहुतेक संगणक त्या सेन्सरकडे पाहणेच सोडून देत आणि थेट कोष्टकातून वाचत. म्हणजे जिथे चूक झाकली जाते तिथे धोका नसतो, आणि जिथे धोका असतो तिथे चूक झाकायला कोणी नसते. गाडी घेऊन एक चक्कर मारली आणि 'मस्त चालते' म्हटले, याला काही अर्थ नाही, तो यामुळे.

मोठ्या नोझलचेही तसेच. ५५०च्या जागी १००० सीसीचे नोझल लावले, तर वहीत ते सांगावे लागते. नाहीतर तेवढ्याच वेळात जवळपास दुप्पट पेट्रोल पडते. पण एक आकडा बदलून भागत नाही. विजेचा इशारा मिळाल्यापासून नोझल खरोखर उघडेपर्यंत साधारण एक हजारांश सेकंद जातो, आणि बॅटरीचा दाब कमी असेल तर जास्त. इंजिन नुसते घुरघुरत उभे असते तेव्हा सगळे उघडणेच दोन-तीन हजारांश सेकंदांचे. त्यात हा उशीर चुकीचा लिहिला असेल तर गाडी पूर्ण वेगात उत्तम आणि सिग्नलला मात्र बंद पडते. लोक मग स्पार्क प्लग बदलत बसतात.

सर्वांत कपटी उपाय होता तो एका छोट्या डबीचा. नव्वदच्या दशकात जपानी कंपन्यांनी अशा डब्या काढल्या. अपेक्सीची त्यांत फार गाजली. ती सेन्सर आणि संगणक यांच्यामध्ये बसे आणि हवेचा आकडा कमी-जास्त करून पुढे देई. मोठे नोझल लावले? हवा कमी आली असे सांगा, संगणक कमी पेट्रोल सोडेल, हिशेब जुळेल. पेट्रोलचा हिशेब जुळतोही. पण ठिणगी केव्हा द्यायची हे दुसरे कोष्टक त्याच हवेच्या आकड्यावर उघडते. त्याला वाटते इंजिनावर भार कमी आहे, आणि भार कमी असताना ठिणगी लवकर देतात. प्रत्यक्षात सिलिंडर ठासून भरलेला. लवकर ठिणगी, जास्त दाब, आणि ठोका. मूळ वहीला धक्का न लावता इंजिन 'समजावून' घेण्याचा हा प्रकार मला नेहमी हिशेबनिसाला खोटी बिले देण्यासारखा वाटतो. एका खात्यात दडवलेली रक्कम दुसऱ्या खात्यात निघतेच.

बाजारात 'स्टेज एक', 'स्टेज दोन', 'स्टेज तीन' अशा तयार फाइली मिळतात. त्यांत वाईट काही नाही, जर स्टेज दोनची फाइल ज्या मोकळ्या सायलेन्सरसाठी, ज्या इंटरकूलरसाठी लिहिली तेच गाडीत असेल तर. मोकळ्या सायलेन्सरमुळे टर्बो लवकर जागा होतो, म्हणून त्या फाइलमध्ये दाबाच्या झडपेला दिलेल्या आज्ञा वेगळ्या असतात. मूळ सायलेन्सरवर त्या आज्ञा चालवल्या तर ठरलेला दाब गाठताच येत नाही. उलट केले, म्हणजे सायलेन्सर मोकळा आणि फाइल मूळची, तर दाब ठरल्यापेक्षा वर उडी मारतो. कॉर्व्हेअरचाच किस्सा, साठ वर्षांनी.

पुढच्या पिढीच्या संगणकांनी या खेळाचे नियमच बदलले. फोक्सवॅगनच्या १.८ लिटर टर्बोत आलेला बॉशचा संगणक किंवा साबचा ट्रायोनिक-७, यांत पॅडल हे हवेचे दार राहिले नाही. ते फक्त मागणी नोंदवते. संगणक विचारतो, किती जोर हवा? मग त्यासाठी किती हवा लागेल ते काढतो आणि शेवटी तपासून पाहतो की मिळालेला जोर मागितल्यापेक्षा जास्त तर नाही. जास्त आढळला तर तो स्वतः हवेचे दार बंद करतो. अशा गाडीत नुसता दाब वाढवणारा माणूस चक्रावतो. दाब चढतो आणि ऐन भरात गाडी मागे ओढली जाते. वहीच्या एका पानावर खोडाखोड केली आणि बाकीच्या पानांनी ती पकडली. इथे सगळी साखळी एका सुरात लिहावी लागते, आणि ते काम एका दुपारचे नाही.

आता स्विफ्टकडे. ७५ अश्वशक्तीच्या इंजिनात ठरीव घडणीचा टर्बो आहे. दाब जास्त झाला की झडप स्वतःहून उघडते. ९० अश्वशक्तीच्या इंजिनात टर्बोच्या आत हलणारी पाती आहेत. कमी वेगात ती वायूची वाट अरुंद करतात, जास्त वेगात रुंद, आणि कोणत्या क्षणी किती, हे संगणक ठरवतो. ९० च्या फाइलमध्ये पानेच्या पाने त्या पात्यांसाठी आहेत. ७५ च्या गाडीत ती पातीच नाहीत. ती फाइल म्हणजे शेजारच्या घराच्या चाव्यांचा जुडगा. शिवाय डिझेलचे गणित पेट्रोलच्या उलट आहे. डिझेलला हवा जास्त झाली तर बिघडत नाही, इंधन जास्त झाले तर बिघडते. हवा तेवढीच आणि नोझलमधून डिझेल अधिक, तर काळा धूर निघतो, सायलेन्सरकडचे तापमान चढते आणि टर्बोचे चक्र भाजून निघते. क्लच आणि गिअरबॉक्स कोणत्या जोरासाठी घडवले आहेत, हा आणखी निराळा प्रश्न.

७५ च्या गाडीतून थोडी जास्त ताकद काढता येते. त्याच टर्बोच्या मर्यादेत राहून, त्याच गाडीची वही मोजूनमापून बदलून. त्याऐवजी पुष्कळांनी 'ट्यूनिंग बॉक्स' लावले. कॉमन रेल डिझेलमध्ये नोझलपर्यंतच्या नळीत १६०० बारपर्यंत दाब असतो. हा डबा दाबाच्या सेन्सरचा आकडा कमी करून संगणकाला देतो, बिचारा संगणक पंपाला आणखी दाब द्यायला सांगतो आणि नोझलमधून जास्त डिझेल जाते. म्हणजे जपानी डबीचीच डिझेल बहीण.

खोटा आकडा देणे हा फक्त हौशी पोरांचा उद्योग होता असे मात्र कोणी समजू नये. त्यातली सर्वांत मोठी बनवाबनवी कारखान्यातच झाली. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात डॅनियल कार्डर यांच्या गटाने २०१३ मध्ये तीन डिझेल गाड्यांच्या मागे मोजणीची यंत्रे बांधून त्या खऱ्या रस्त्यांवर चालवल्या. त्या गटात अरविंद तिरुवेंगडम आणि बंगळूरूचे हेमंत कप्पण्णा हे दोन भारतीय वंशाचे संशोधक होते. बीएमडब्ल्यू ठीक निघाली. फोक्सवॅगनच्या दोन गाड्यांतून नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या कितीतरी पट बाहेर पडत होते. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकी पर्यावरण संस्थेने नोटीस काढली, तेव्हा जगाला कळले की त्या वहीत दोन हिशेब होते. स्टीअरिंग फिरत नाही, वेग ठराविक रीतीने बदलतो आहे, म्हणजे गाडी तपासणीच्या रुळांवर आहे हे ओळखून संगणक स्वच्छ पान उघडे. रस्त्यावर आली की दुसरे. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फेलिक्स डोमके या जर्मन संगणकतज्ज्ञाने संगणकातला तो भाग उलगडून जाहीर सभेत दाखवला. त्यासाठी त्याने तेच हुनर वापरले जे टर्बोच्या चाहत्यांनी वीस वर्षे जोपासले होते, बंद वही उघडून वाचण्याचे.

भारतात पुण्याच्या एआरएआयने तपासणी केली, कंपनीने ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावल्या आणि मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ५०० कोटींचा दंड ठोठावला. प्रकरण मग सर्वोच्च न्यायालयात गेले.

म्हणून वही कोणी उघडावी, या वादात मी सरळ एका बाजूने बोलू शकत नाही. कंपन्या म्हणतात, वही आमची मालमत्ता, तुम्ही फक्त गाडी विकत घेतली. २०१५ मध्ये अमेरिकेत हा वाद झाला तेव्हा जनरल मोटर्स आणि ट्रॅक्टरवाल्या जॉन डिअरने हेच मांडले. तरीही दुरुस्ती आणि कायदेशीर बदलांसाठी मालकाला ती उघडू द्यावी, अशी सवलत तिथे मिळाली. ती योग्यच होती. वही कुलूपबंद राहिली तर फोक्सवॅगनसारखे दुसरे पान कोण शोधणार? आणि ज्या मिस्त्रीच्या कानावर तीन पिढ्या गॅरेज चालले, त्याने नव्या गाडीपुढे हात बांधून उभे राहायचे का? कंपनीचे निदानयंत्र त्याला परवडत नाही, मग तो कोठून तरी आलेली, कोणासाठी तरी लिहिलेली फाइल घालतो, आणि इंजिन गेले की शिव्या त्यालाच.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. २०२० मध्ये अमेरिकी पर्यावरण संस्थेने हिशेब मांडला की दहा वर्षांत तिथल्या साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची प्रदूषण-नियंत्रणे सॉफ्टवेअरने बंद केली गेली. तो धूर गाडीच्या मालकापुरता राहत नाही. शाळेच्या वाटेवरचे पोर तो घेते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करू देत नाही, पण हा बदल डोळ्यांना दिसत नाही. लोखंड जसेच्या तसे, फक्त वही वेगळी.

रांजणगावचे ते इंजिन २०२० मध्ये भारत स्टेज ६ आल्यावर बंद झाले. गाड्या मात्र रस्त्यावर आहेत, लाखोंनी, आणि त्यांतल्या किती मूळ वहीवर चालतात हे कोणत्याही कार्यालयात नोंदलेले नाही. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धुराचा काळेपणा मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड तिथे मोजतच नाहीत.